तिसऱ्या ट्रॅकला अडकणारी सीडी

प्रश्न : मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. यजमानांना गाण्याचा फार नाद होता. ते गेल्यापासून त्यांच्या दोनशेच्या आसपास सीडी फडताळात तशाच पडून आहेत. परवा त्यातली मोहनवीणावादक पंडित विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांची ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ काढून त्यांच्याच जुन्या प्लेअरवर लावली. तिसऱ्या ट्रॅकला ती अडकते, खटखट करते आणि मग एकदम पुढे पळते. चकचकीत बाजूला जाळीसारखे पांढरट डाग दिसतात. शेजारी म्हणतात, टूथपेस्ट लावून घासा. मुलीनं तोच अल्बम फोनवरून तिच्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकवला, तर दोन्ही गिटारी एकमेकींवर चढून बसल्यासारख्या वाटल्या. राग कुठला तेही कळेना. मी लहानपणापासून ख्याल ऐकत आले आहे, देवल क्लबातली बैठक सहसा चुकवत नाही. ओळखीचे एक गुरुजी म्हणाले, असल्या भेसळीत कान बिघडवू नका. मुलगी म्हणते, सगळं फोनवर मिळतं, सीडी भंगारात द्या. यजमान मात्र ही सीडी वरचेवर लावायचे. ती दुरुस्त होईल का? आणि पुन्हा बसून ऐकावी अशी आहे का?

उत्तर : ताई, नमस्कार. सीडी वाचण्याची शक्यता चांगली आहे. अल्बम बसून ऐकण्याजोगा तर नक्कीच आहे, पण तुम्ही तो अजून नीट ऐकलेलाच नाही. एकदा अडकणाऱ्या तबकडीवर ऐकलात आणि एकदा अशा स्पीकरवर, ज्यावर या रेकॉर्डिंगचा जीवच निघून जातो. म्हणून आधी तबकडीचं पाहू, मग ऐकण्याचं. टूथपेस्ट मात्र अजिबात लावू नका. त्यातली बारीक खडी प्लास्टिकवर धूसर ओरखडे पाडते आणि आज वाचता येणारी तबकडी उद्या वाचता येत नाही.

पहिली तपासणी अशी करा. फडताळातल्या आणखी दोन-तीन सीडी त्याच प्लेअरवर लावा, शक्यतो डाग नसलेल्या. त्या सुरळीत वाजल्या तर दोष तबकडीत आहे. सगळ्याच साधारण विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला अडखळायला लागल्या तर दोष प्लेअरचा. लेसरचं मुंडकं ज्या दांडीवरून सरकतं तिच्यावरचं ग्रीस वर्षानुवर्षं न वापरल्यानं चिकट होतं आणि ठरावीक जागी मुंडकं अडतं. आणि एकही सीडी ओळखली गेली नाही, ‘नो डिस्क’ असं आलं, तर बहुधा लेन्सवर धूळ किंवा बुरशीचा थर बसलेला आहे.

आता तबकडी हातात घ्या. ती डबीतून काढताना मधल्या दातांवर बोट दाबून सुटी करा. कडेला धरून वाकवून उचलू नका. छापील बाजू तुमच्याकडे ठेवून मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा. एखाद-दुसरा टाचणीच्या टोकाएवढा उजेडाचा ठिपका चालतो, पुष्कळ सीडींना तो नवेपणीच असतो. पण आरपार चाळणीसारखे ठिपके दिसत असतील किंवा कडेपासून तपकिरी रंग आत सरकत असेल, तर आतला ॲल्युमिनियमचा थर गंजला आहे. त्याला उपाय नाही, जेवढं वाचतं तेवढं लगेच उतरवून घ्यायचं. इंग्लंडमधल्या एका कारखान्यातून १९८८ ते १९९३ च्या सुमारास निघालेल्या पुष्कळ सीडी अशाच तांबूस झाल्या, कारण वरच्या लॅकरची, म्हणजे संरक्षक लेपाची, पुस्तिकेच्या कागदातल्या गंधकाशी प्रक्रिया झाली. तुमच्या वर्णनात असं काही दिसत नाही. चकचकीत बाजूची पांढरट जाळी म्हणजे बोटांचा तेलकटपणा आणि धूळ यांच्यावर पावसाळी दमटपणात वाढलेली बुरशी. ती वरच्या वर असते आणि धुऊन निघते.

एक गोष्ट पक्की लक्षात असू द्या. सीडीचा नाजूक भाग चकचकीत बाजू नाही, छापील बाजू आहे. जाडी एकूण १.२ मिलिमीटर. त्यातलं जवळजवळ सगळं पॉलिकार्बोनेट नावाचं पारदर्शक प्लास्टिक, आणि आवाजाची माहिती असलेला धातूचा थर वर, शाईच्या लगेच खाली, फक्त लॅकरच्या पातळ पापुद्र्यानं झाकलेला. खालून पडलेला ओरखडा पुष्कळदा निभावतो. वरून बॉलपेनानं जोर देऊन लिहिलेलं नाव मात्र धातूच उखडून काढतं.

धुण्यासाठी लागेल ते : अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीत घालायला गॅरेजमध्ये मिळतं ते), भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, आणि चष्मा पुसायचं मायक्रोफायबर कापड. बोअरचं पाणी शेवटच्या धुण्याला वापरू नका, सुकल्यावर क्षाराचे ठिपके राहतात. आधी तबकडी नळाखाली नुसती धरा, म्हणजे वाळूचे कण निघून जातील. ते न काढता घासलं तर तेच ओरखडे पाडतात. मग साबणाच्या पाण्यात बोटाचं पेर बुडवून मधल्या भोकापासून कडेकडे, सरळ रेषेत, हलक्या हातानं फिरवा. गोल गोल कधीच नाही. यामागे कारण आहे. माहिती तबकडीवर गोलाकार रुळासारखी लिहिलेली असते. आडवा ओरखडा प्रत्येक फेरीत रुळाचा अगदी लहानसा भाग खातो आणि प्लेअरमधली चूक-दुरुस्तीची यंत्रणा तो भाग आजूबाजूच्या माहितीवरून पुन्हा उभा करते. सलग सुमारे अडीच मिलिमीटर रूळ नाहीसा झाला तरी ती पूर्ण भरून काढू शकते. रुळाच्या दिशेनं गेलेला ओरखडा मात्र एकाच दमात त्याहून जास्त लांबी पुसून टाकतो, आणि मग खटखट सुरू होते.

शेवटी डिस्टिल्ड पाण्यानं विसळा, झटका, कापडानं टिपा (पुसू नका) आणि तासभर उभी ठेवून वाळवा. डाग हट्टी असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन तेवढ्याच जागी पुसा. नेलपेंट रिमूव्हर आणि थिनर यांनी पॉलिकार्बोनेट क्षणात पांढरं होतं, त्यांच्या वाटेला जाऊ नका. हे काम गच्चीत किंवा गॅलरीत, नाकाला रुमाल बांधून करा. पुस्तिकेवरही बुरशी असणारच. तिची पानं सुटी सुटी करून पंख्याखाली वाळवा. उन्हात ठेवलीत तर चिकट कागद वेडावाकडा होतो.

एवढं करूनही तिसरा ट्रॅक अडकला, तर नेमकी जागा शोधता येते. सीडी आतून बाहेर वाचली जाते. हा अल्बम जेमतेम चाळीस मिनिटांचा, चार ट्रॅकचा, त्यामुळे माहिती मध्यबिंदूपासून साधारण ४६ मिलिमीटरवर संपते. त्यापलीकडे कडेपर्यंतचा जवळजवळ सव्वा सेंटीमीटरचा पट्टा रिकामा आहे. दिव्याखाली तिरकी धरली की दोन पट्ट्यांच्या रंगातला फरक डोळ्यांना दिसतो. म्हणजे कडेवरचे बोटांचे ठसे, जे सगळ्यात जास्त खुपतात, त्यांचा या अडकण्याशी काही संबंध नाही. तिसरा ट्रॅक साधारण एकोणिसाव्या मिनिटाला सुरू होतो. तो मध्यबिंदूपासून ३६ ते ४१ मिलिमीटरच्या पट्ट्यात येतो. पट्टी लावून तेवढाच भाग भिंगाखाली पाहा. तिथे धुण्यातून राहिलेला डाग असेल तर तेवढाच पुन्हा काढा. खोल ओरखडा असेल तर घासत बसू नका. पुढे सांगतो तशी प्रत काढा, पुष्कळदा तिथे काम होतं.

प्लेअरचं थोडक्यात. लेन्स साफ करायला आधी हातपंपाची नुसती हवा मारा. नाही भागलं तर प्लग काढून, झाकण उघडून, इअरबडवर आयसोप्रोपिलचा एक थेंब घेऊन लेन्सला अलगद टेकवा आणि दुसऱ्या कोरड्या बडनं टिपा. ती लेन्स केसाएवढ्या बारीक तारांवर तोललेली असते, दाबली की कायमची तिरकी होते. यंत्र चालू असताना तिच्यात डोकावू नका. तो लेसर डोळ्यांना जेमतेम दिसतो, म्हणून धोका जास्त. ट्रे उघडताना घरघर करून थांबत असेल तर आतला रबरी बेल्ट सैल झालाय. टेप दुरुस्त करणारे जुने मेकॅनिक अजून आहेत. त्यांच्याकडे तोच बेल्ट नेऊन त्याच व्यासाचा, चौकोनी कापाचा बसवून घ्या, आणि दांडीवरचं जुनं ग्रीस पुसून नवं लावायलाही सांगा. दोन्ही कामं एकदमच करून घेतलेली बरी, कारण झाकण दोनदा उघडण्यात दुप्पट मजुरी जाते.

प्रत काढताना मुलीला मदतीला घ्या, ही तिच्या हातची गोष्ट आहे. लॅपटॉपला यूएसबीवर चालणारा साधा डीव्हीडी ड्राइव्ह जोडा आणि ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हे विंडोजवर फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घ्या. त्यात ‘सिक्युअर’ पद्धत निवडा. ती शंकास्पद जागा परत परत वाचते. साठवण फ्लॅक या स्वरूपात करा, एमपी३ मध्ये नाही. सीडीवरचा आवाज मिनिटाला सुमारे १०.५ एमबी जागा घेतो, म्हणजे हा अल्बम सव्वाचारशे एमबीचा. फ्लॅकमध्ये तो साधारण निम्म्यावर येतो आणि त्यातलं काहीच गळत नाही. एमपी३ आधी नेमकी तीच गोष्ट टाकतो जी इथे हवी आहे, म्हणजे तारेचा विरत जाणारा शेवट. प्रत झाली की सॉफ्टवेअर अहवाल देतं. ‘ॲक्युरेटरिप’शी जुळलं असं लिहून आलं, तर जगात इतरांनी याच सीडीच्या काढलेल्या प्रतींशी तुमची प्रत अक्षरशः तंतोतंत जुळली, विषय संपला. नाही जुळलं तर कुठल्या मिनिटाला गडबड आहे ते कळतं. मग वेग कमी करून बघा, आणि तेही नाही जमलं तर दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह लावून. एका ड्राइव्हला न जमणारा ओरखडा दुसरा सहज वाचतो, हे वारंवार दिसतं.

आता ऐकण्याकडे येऊ.

हे रेकॉर्डिंग सप्टेंबर १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा गावी, सेंट अँथनी सेमिनरीच्या ‘क्राइस्ट द किंग’ चॅपलमध्ये झालं. ध्वनिमुद्रण कविचंद्रन अलेक्झांडर यांचं. वादक चौघेच : मोहनवीणेवर भट्ट, काचेची नळी बोटात घालून वाजवायच्या गिटारवर राय कूडर, तबल्यावर सुखविंदर सिंग नामधारी, आणि डुंबेक नावाच्या पेल्याच्या आकाराच्या तालवाद्यावर कूडर यांचा मुलगा योआकिम. दोन प्रमुख वादकांची भेट रेकॉर्डिंगच्या आधी तासभरही झालेली नव्हती. तालीम नाही, मागून जोडलेला एक सूरही नाही. अल्बम १९९३ साली आला आणि १९९४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं.

तुमच्या दृष्टीनं यातलं सगळ्यात महत्त्वाचं असं की हे सगळं ब्लमलाइन पद्धतीनं, एका जागी काटकोनात लावलेल्या दोन मायक्रोफोनच्या जोडीनं, ॲनालॉग टेपवर घेतलेलं आहे. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्यानं १९३१ मध्ये ही मांडणी सुचवली. तिच्यात प्रत्येक मायक्रोफोन पुढून जेवढं ऐकतो तेवढंच मागूनही ऐकतो, त्यामुळे वादकांबरोबर चॅपलची खोलीही टेपवर उतरते. कोण डावीकडे बसलाय, कोण उजवीकडे, मागे किती जागा आहे, हे सारं डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांमधल्या आवाजाच्या बारीक कमी-जास्तपणात साठवलेलं असतं. एका डबीच्या ब्लूटूथ स्पीकरमध्ये दोन्ही वाहिन्या एकाच जागेतून बाहेर पडतात, वादकांमधलं अंतर शून्य होतं, आणि दोन तारवाद्यं, तीही मींडेवरच, म्हणजे एका सुरातून दुसऱ्यात सलग सरकण्यावरच, चालणारी, एकमेकींवर चढून बसतात. तुमच्या कानांनी तक्रार अगदी बरोबर नोंदवली. दोष वादकांचा नाही, डबीचा आहे.

त्यामुळे दोन वेगळे स्पीकर हवेत, यजमानांचे असतीलच. दोघांमध्ये सहा-सात फूट अंतर ठेवा आणि स्वतः दोघांपासून तेवढ्याच अंतरावर बसा, म्हणजे तिघांचा समभुज त्रिकोण होईल. वरचा लहान शंकू बसल्यावर कानाच्या पातळीला यावा; गरज पडली तर खाली पाट द्या. मागच्या भिंतीपासून निदान दीड फूट पुढे ओढा, कोपऱ्यात खुपसू नका, नाहीतर तबल्याचा डग्गा घुमत राहतो. शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती असतील तर आवाज कर्कश होतो. मधे सतरंजी टाका आणि समोरच्या भिंतीवर एखादी वाकळ लटकवा, फरक लगेच कळतो. ‘लाउडनेस’, ‘बास बूस्ट’, ‘सराउंड’ ही सगळी बटणं बंद.

मग तारा तपासा. साफसफाईत कुणी स्पीकर हलवले असतील तर एकाची लाल-काळी तार उलटी लागलेली असण्याची शक्यता बरीच असते. तपासायला संग्रहातली जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून काढलेली एखादी सीडी घ्या, केसरबाई केरकरांची असेल तर उत्तमच. ती मुद्रणं मोनो आहेत, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येतो. तारा बरोबर असतील तर आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध, हवेत एका ठिपक्यातून आल्यासारखा वाटेल. एक तार उलटी असेल तर बाईंचा आवाज खोलीभर पातळ पसरेल आणि कुठून येतो ते सांगता येणार नाही. तसं झालं तर कुठल्याही एकाच स्पीकरच्या दोन तारा अदलाबदल करा. ही पाच मिनिटांची तपासणी हजारो रुपयांच्या नव्या यंत्रापेक्षा जास्त फरक पाडते, आणि बहुतेक घरांत ती कधीच झालेली नसते.

आवाज नेहमीपेक्षा थोडा वर ठेवा. त्या काळच्या चांगल्या सीडी आजच्या गाण्यांपेक्षा हळू पातळीवर मुद्रित असतात. आजच्यांत हळू आणि मोठा यांतलं अंतर दाबून सगळंच मोठं केलेलं असतं. सुरुवातीला मंद ‘स्स्स’ ऐकू येईल, ती टेपची आहे, बिघाड नव्हे. रात्री रस्त्यावरची वर्दळ थांबल्यावर बसलात तर ती ‘स्स्स’ संपून खोली केव्हा सुरू होते तेही कळेल.

पहिल्या वेळी राग शोधू नका. फक्त कुठली तार कोणाची ते ओळखा. मोहनवीणा म्हणजे गिटारचाच बदललेला अवतार, मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीनं वाजवायची, खाली बारा तरफेच्या, म्हणजे न छेडता वरच्या सुराबरोबर आपोआप झंकारणाऱ्या तारा. त्यामुळे तिच्या सुरामागे सतारीसारखी झिलई राहते, सूर संपल्यावरही खालून काहीतरी तेवत असतं. कूडर यांच्या गिटारला तरफ नाही. तिचा सूर कोरडा, लाकडी, चटकन विझणारा. एकदा ही खूण पटली की दोघं वेगळे होतात आणि पुन्हा मिसळत नाहीत. तालातही तसंच : डग्ग्याला मींड आहे, डुंबेकला नाही, त्याची फक्त मोकळी ‘दुम’ आणि कडेची टोकदार ‘टक’.

दुसऱ्या वेळी मींड ऐका. अल्बमचा खरा विषय तोच आहे. भट्ट हे रविशंकरांचे शिष्य. त्यांची मींड एका सुरातून निघते तेव्हा कुठे पोचायचं ते ठरलेलं असतं, वाटेतल्या श्रुती ती मोजून घेते आणि पोचल्यावर स्थिर होते. कूडर यांची घसरण अमेरिकेतल्या ब्लूज या गानप्रकारातली आहे. तिथे गंधार ना पुरता कोमल ना पुरता शुद्ध, दोघांच्या मधे जाणूनबुजून डळमळत ठेवलेला. तिसरा ट्रॅक, ‘गँजिस डेल्टा ब्लूज’, म्हणजे तुमचा अडकणाराच, या फरकासाठी सगळ्यात मोलाचा. एकाचा गंधार कुठे ठरतो आणि दुसऱ्याचा कुठे हलतो, आणि एक वाजवत असताना दुसरा त्याला जागा करून देतो की रेटून पुढे येतो, हे तुमच्यासारख्या ख्यालावर वाढलेल्या कानाला दुसऱ्या कुणाहीपेक्षा लवकर कळेल. दुसरा ट्रॅक ‘लाँगिंग’ तुम्हाला सगळ्यात ओळखीचा वाटेल. चौथा, ‘इसा लेई’, ही फिजी बेटांवरची निरोपाची जुनी चाल आहे. तिथे विस्तार शोधू नका, ते गाणं आहे, गाण्यासारखं ऐका.

उणं काय तेही सांगायला हवं. रागाची टप्प्याटप्प्यानं होणारी बढत इथे नाही, लय चढत जाऊन शेवटाला नेणारी रचना नाही, आठ-दहा मिनिटांत ती मावतही नाही. काही जागी एकजण नुसता ठेका धरून बसतो आणि प्रसंग तिथेच फिरत राहतो. ख्यालाच्या मापानं मोजाल तर अपुरं वाटेल. पण तबल्यावर यंत्राचे ठोके चढवून, मागे कीबोर्डचा गालिचा अंथरून जे ढीगभर ‘फ्यूजन’ बाजारात आलं, त्याच्या रांगेत हा अल्बम बसत नाही. इथे दोघांचाही षड्ज एक आहे, दोघंही एकमेकांचं ऐकूनच पुढचा सूर लावतात, आणि चुकायला दोघांनाही जागा आहे.

गुरुजींबद्दल पूर्ण आदर ठेवून एक गोष्ट मांडतो. ज्या शहरात शाहू महाराजांच्या आश्रयानं अल्लादियाखाँसाहेब राहिले, त्या शहरातल्या श्रोत्याला दोन गोष्टींचा जोड कसा तपासायचा ते नव्यानं शिकवावं लागत नाही. खाँसाहेबांच्या जयपूर-अत्रौली गायकीत जोडराग, म्हणजे दोन राग सांधून केलेला राग, ही मानाची जागा. बसंती केदारात बसंत कुठे संपला आणि केदार कुठून आला, सांधा दिसला की गायक उघडा पडला. तीच कसोटी इथे लावा : भारतीय किती आणि अमेरिकन किती हे बाजूला ठेवून सांधा कुठे दिसतो तेवढं बघा. शिवाय ही दोन्ही वाद्यं दूरची नातेवाईक आहेत. तारेवरून कांडी सरकवण्याची हवाई बेटांवरची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकाभर पसरली, आणि ताऊ मो यांच्यासारखे वादक १९४० च्या दशकात कलकत्त्यात राहिले तेव्हा इथेही रुजली. पुढे ब्रिजभूषण काबरांनी गिटार रागसंगीताच्या बैठकीत आणली. गुरुजींना एकदा घरी बोलावून, काही न सांगता, या मांडणीत दुसरा ट्रॅक ऐकवा. तरी पटलं नाही तर तेही त्यांचं मत, पण ते डबीवरचं मत नसेल.

भंगाराचा विचार सोडा. फोनवर सगळं मिळतं हे खरं नाही. छोट्या कंपन्यांनी काढलेल्या मैफिलींच्या सीडी फोनवर नसतात, आणि असलेल्या हक्क बदलले की एका रात्रीत गायब होतात. पुस्तिकेतली साथीदारांची नावं, राग-ताल, तारखा हे तर तिथे बहुधा सापडतच नाही. प्रत काढताना ते सगळं फाइलच्या माहितीत भरा. देवनागरीतही लिहिता येतं.

क्रम मात्र पाळा. आधी यजमानांनी घरी बर्न केलेल्या, मार्करनं नावं लिहिलेल्या सीडी हातात घ्या. त्यांत धातूवर खड्डे नसतात, रंगाच्या थरावर लेसरनं केलेल्या खुणा असतात, आणि तो रंग ऊन-उष्णतेनं उडतो. कारखान्यात तयार झालेली छापील सीडी अजून वीस वर्षं थांबेल, ही थांबेलच असं नाही. तिला पाण्यात बुडवू नका, ओल्या कापडानं फक्त चकचकीत बाजू पुसा, आणि वर चिकटवलेलं कागदी लेबल असेल तर ओढून काढू नका, त्याच्याबरोबर थरही येतो. त्यानंतर टॉर्चसमोर ठिपके दिसणाऱ्या छापील सीडी, आणि शेवटी बाकीच्या. दोनशे सीडींना फ्लॅकमध्ये साठ-सत्तर जीबी पुरतात. दोन प्रती ठेवा, एक घरी, एक पुण्याला किंवा जिथे कुणी जवळचं असेल तिथे. या प्रती घरात ऐकण्यापुरत्या, वाटण्यासाठी नाहीत.

फडताळ बाहेरच्या भिंतीतलं असेल तर तिथून सीडी हलवा. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात ती भिंत आतून ओल धरते. आतल्या भिंतीशी, दोन बोटं अंतर सोडून, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यांत उभ्या रचा. पंचवीस-तीस लिटरच्या डब्याला नारिंगी सिलिका जेलच्या ५० ग्रॅमच्या दोन पुड्या पुरतात. रंग हिरवा झाला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-अडीच तास तापवून पुन्हा वापरा. डब्यात लहान आर्द्रतामापक टाका, काटा ४० ते ५० च्या दरम्यान राहिला पाहिजे. जुन्या संचांमध्ये झाकणाला स्पंजाची चकती चिकटवलेली असते, ती आधी काढून टाका, कारण विरघळून ती छापील बाजूला चिकटते. आणि डांबरगोळ्या डब्यात कधीही ठेवू नका. सीडीच्या डब्या पॉलिस्टायरिनच्या असतात आणि डांबरगोळीच्या वाफेनं ते मऊ पडून चिकट होतं. त्याऐवजी गणपतीच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या सफाईत एकदा झाकणं उघडून प्रत्येक डब्यातल्या दोन-तीन सीडी उजेडात धरून पाहा, नवी जाळी दिसली तर त्याच दिवशी धुवा.